भाई, करंट आला कुठून

भाई, तुमचा बल्ब आता माझ्याकडे आहे. शंभर वॅटचा, पितळी होल्डरातला, दोन हात लांब दोन वायरी, टोकाला तांबं सोललेलं. लाल फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. परवा भाभींनी तो डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हे घे. ते सांगून गेले, सुधाकरले देजो." मी घेतला. नको म्हणायचं धाडस नव्हतं.

तुम्ही गेलात त्याला आज सव्वीस दिवस झाले. मिट्टीला, तुमच्या दफनाला, मोहल्ल्यातले सगळे होते, फ्रिजवाले, रेडिएटरवाले, कोळसा खाणीच्या क्वार्टरांतले दोन-तीन जुने साहेबसुद्धा. किल्ल्याच्या भिंतीजवळ खांदा बदलताना मी पुढे आलो, तेव्हा मागून कुणीतरी हळू आवाजात विचारलं, "हाच ना थो मिस्त्री? मिलवाल्याची सून याच्याच हातानं गेली ना?" दुसरा म्हणाला, "चूप ना बे, मेलेल्या माणसाचं काय काढतं."

तुम्ही माझ्या खांद्यावर होतात. मी ऐकलं आणि चालत राहिलो. अकरा वर्षं मी तेच केलं होतं, त्या दिवशी आणखी शंभर पावलं केलं. पण घरी आल्यावर चप्पल काढताना ठरवलं की आता बोलायचं. तुमच्यासमोर बोलायला हवं होतं, ते राहिलं. आता हे असं.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा तुमच्या एसीच्या दुकानात आलो तेव्हा तुम्ही काय विचारलं होतं? नागभीडकडचा मी, बाप तळ्यात जाळं टाकायचा, मी आयटीआयचा वायरमन होऊन आलेलो. तुम्ही खालपासून वरपर्यंत पाहिलंत.

"तळ्यावरचा माणूस तू. पाण्यातला. करंटाशी कायले सोयरीक केली?"

"मासोळीसाठी पाण्यात हात घालावा लागते, भाई. इथी नाई घालावा लागत."

"घातला तं एकदाच घालशील," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मग कामाची वाटणी करून दिलीत. "पाइप अन् गॅस माझा. तार तुझी. मी तुझ्या तारेत बोट घालणार नाई, तू माझ्या गॅसले हात लावाचा नाई."

तरी मी लावलाच होता. पहिल्याच उन्हाळ्यात हातमोजे न घालता गॅसचा पाइप सोडवला आणि द्रव गॅस अंगठ्यावर उडाला. चंद्रपुरात बाहेर डांबर वितळत होतं आणि माझा अंगठा गोठून पांढरा पडला. तुम्ही शिव्या देत देत तो साध्या पाण्यात धरून ठेवलात. चोळू दिला नाहीत, शेकूही दिला नाहीत. तो डाग अजून आहे. पेन धरलं की दिसतो.

गॅसच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात, आणि आम्ही मागे हसायचो. मोहर्लीच्या त्या गेस्ट हाउसमध्ये एसीची मशीन गळत होती, तेव्हा तुम्ही मॅनेजरची बिडी त्याच्या तोंडातून काढून घेतली होती. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलंत, दारंखिडक्या उघडल्यात, आणि अर्धा तास आंब्याखाली बसून राहिलात. मॅनेजर चिडला, "मिस्त्री, वास तं येतच नाई. कायचा गॅस?" तुम्ही त्याला शांतपणे सांगितलंत, "साहेब, वास आला असता तं मले काय भेव होतं? हा जड आहे. खाली बसते. फरशीवर झोपलेल्या माणसाची हवा खाऊन टाकते, त्याले समजत बी नाई. अन् आगीतून गेला तं जहर होते." ब्लोलॅम्प पेटवायच्या आधी तुम्ही स्वतः जमिनीजवळ वाकून सुपानं हवा घालायचात. सुपानं! मी किती नकला केल्यात त्याच्या.

आणि तुमचा हा बल्ब. मशीन खिडकीत बसली, गॅस भरला, सगळं झालं, तरी तुम्ही बटन दाबायचा नाहीत. आधी घरातल्या बाईला बोलवायचात. मालकाला नाही, बाईला. "साहेब दिवसभर हापिसात राह्यते. मशीनीले हात कोण लावते? पुसते कोण? तिले दाखवा लागते." मग एक वायर प्लगपॉइंटच्या करंटच्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अंगणातल्या खड्ड्यात पुरलेल्या पाइपातून जमिनीकडे जाणाऱ्या तारेला, अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला तर जमीन करंट ओढून घेते आहे. मशीनच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर तो जमिनीत जाईल, फ्यूज उडेल, माणूस वाचेल. बल्ब मिणमिणता राहिला तर तुम्ही सामान आवरून निघायचात. तीन-तीन मैल परत गेलेलो आहोत आपण, खाली मान घालून, कारण कुणाचा तरी बल्ब पिवळा पडला होता. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन खापरासारखी होते, म्हणून तुम्ही प्रत्येकीला सांगायचात, "खड्ड्यात आठ दिवसानं दोन बाल्ट्या पाणी टाकत जा, बाई."

हे तुम्हाला मी काय सांगणार. पण हा कागद दुसरेही वाचणार आहेत, आणि त्यांना कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वैनगंगेपलीकडची ती राइस मिल. मिलला लागून घर, म्हातारी माय, मुलगा मनोहर, सून वैशाली. नागपूरहून जुनी खिडकीची मशीन आणली होती त्यांनी, आणि तिचा पाइप वाटेत टेम्पोत हादरून फुटला होता. तुम्ही तो जोडलात. आता दाब भरून गळती तपासायची. तुमच्याकडचं नायट्रोजन संपलेलं. मनोहर म्हणाले, "भाई, मिलच्या वेल्डिंगवाल्याजवळ ऑक्सिजन आहे ना. थोच मारा अन् मोकळे व्हा."

तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "या मशीनीच्या पोटात तेल आहे. तेलाले दाबून ऑक्सिजन भेटला तं ही मशीन नाई राहत, बॉम्ब होते. तुमच्या घरात बॉम्ब फोडाचा आहे का?"

"दुसरे सगळे मिस्त्री तेच मारून राह्यले."

"मंग त्याईलेच बोलवा."

नायट्रोजनचा सिलेंडर नागपूरहून यायला चार दिवस लागणार होते. तुम्ही चंद्रपूरला परत गेलात, आणि मला तिथे ठेवलंत. "रिकामा कायले बसतं? अर्थिंगचा खड्डा खण. सहा फूट. कोळसा, मीठ, मंग पाइप. सहा म्हणजे सहाच."

भाई, इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

मी अडीच फूट खणला. अडीच फुटांवर मुरूम लागला आणि त्याखाली दगड. सब्बल मारली की ठिणगी उडायची आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. पहिला दिवस मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला वैशालीबाई पन्हं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अजून किती खोल जाचं आहे? पाणी लागते का आता?" मी म्हटलं, "झालं, ताई, झालंच." त्या आत गेल्या आणि मी पाइप साडेतीन फूट कापला, फूटभर वर राहील असा. उरलेला तुकडा मिलच्या भंगारात टाकला. वर कोळसा, मीठ, माती, आणि चांगला गोल ओटा बांधला. दिसायला इतका देखणा खड्डा मी आधी कधी केला नव्हता.

काऊन केलं असं? अकरा वर्षं मी कारण शोधतोय. बस चुकत नव्हती. घरी कुणी आजारी नव्हतं. ऊन होतं, भाई. ऊन होतं, आणि मला वाटत होतं की तुम्ही उगाच छळता. सुपानं हवा घालणारा माणूस, चार दिवस नायट्रोजनची वाट बघणारा माणूस, याला कुणी सांगावं की जग असं चालत नाही. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही यायच्या दिवशी सकाळी मी माझा स्वतःचा बल्ब लावून पाहिला. पिवळा. तारेएवढी लालसर रेघ. आणि मला तुमचा चेहरा दिसला. तुम्ही खड्डा उकरून पाहिला असता. साडेतीन फुटांचा पाइप हातात धरून माझ्याकडे पाहिलं असतंत, आणि ते मला नको होतं.

मग मी प्लगपॉइंट उघडला आणि आत चार बोटं लांब काळ्या वायरचा एक तुकडा टाकला, न्यूट्रलपासून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेपासून, अर्थच्या पिनेपर्यंत. बल्बला काय, परतीचा रस्ता मिळाला की तो पेटतो. जमिनीतून मिळाला की न्यूट्रलमधून, हे बल्बला कळत नाही. बोर्ड बंद केला, चार स्क्रू आवळले, तुम्ही आलात.

गॅस भरून झाल्यावर तुम्ही हाक मारलीत, "बाई, इकडे या थोड्या. हे पाहा."

त्या पदराला हात पुसत आल्या. तुम्ही वायरी घातल्यात. बल्ब असा पेटला की त्यांनी डोळ्यांवर हात घेतला.

"माशाल्ला! जमीन चांगली आहे तुमची, बाई. या पोराचं काम पाहा, एकदम चोख." आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. मग त्यांना सांगितलंत, "पुसाच्या आधी हे बटन बंद कराचं. बंद केल्याबिगर हात लावाचा नाई. समजलं?"

"समजलं, भाई. बटन बंद करूनच पुशीन," त्या शाळेतल्या पोरीसारखं म्हणाल्या, आणि आपण दोघंही हसलो.

तीन आठवडे मशीन गार हवा देत राहिली. मग त्या वादळात मिलसमोरचं सागाचं झाड तारांवर पडलं. दुसऱ्या दिवशी लाइनमननं तारा जोडल्या, आणि खांबावर दोन तारांची अदलाबदल झाली. त्याला मी दोष देत नाही. तारा उलट्या होतात, कुठेही होतात, तिसरी तार त्यासाठीच असते. पण त्या घरात आता जी तार न्यूट्रल होती तीत करंट आला, आणि तिथून माझ्या चार बोटांच्या तुकड्यातून तो सरळ मशीनच्या पत्र्यावर. खाली अडीच फुटांची माती, वादळाच्या सरीनं वरवर भिजलेली, आत कोरडी. तिनं इतका थोडा ओढला की फ्यूजला पत्ताही लागला नाही. आणि बटन? बटन आता चुकीच्या तारेवर होतं. बंद करा नाही तर चालू करा, पत्रा जिवंतच.

वैशालीबाईंनी बटन बंद केलं होतं, भाई. तुम्ही सांगितल्याप्रमाणे. वादळाची धूळ साचली होती म्हणून ओलं फडकं घेतलं, बटन बंद केलं, आणि मग हात लावला. अनवाणी होत्या. फरशी नुकतीच पुसलेली होती.

मिलमधून दुकानात फोन आला तेव्हा तुम्ही मोहर्लीला होतात. मी पुढे गेलो. त्यांना दवाखान्यात नेलं होतं, पण घरातल्या कुणाच्याच चेहऱ्यावर दवाखान्याची आशा नव्हती. मेन स्विच काढलेला. खोलीत ते फडकं तसंच पडलेलं, बादली कोपऱ्यात. म्हातारी माय दारात बसून एकच बोलत होती, "तिनं बटन बंद केलं होतं गा. म्या पाह्यलं. बंद केलं होतं."

"पाहतो, माय," मी म्हटलं. चार स्क्रू काढले. तुकडा ओढून काढला. खिशात टाकला. चार स्क्रू आवळले. बाहेर येऊन मिलच्या कोंड्याच्या ढिगावर टाकला. कोंडा आतून जळत होता, वर नुसता धूर. तुकडा दिसेनासा झाला.

पंचनामा नंतर झाला.

तुम्ही दुपारी आलात. टेस्टर लावलात, "तारा उलट्या आहेत." बल्ब लावलात. पिवळा. त्या वेळचा तुमचा चेहरा मी कुणाला सांगू शकलेलो नाही, आजही सांगता येत नाही. तुम्ही बल्ब फिरवून पाहिलात, फुंकर मारलीत, पुन्हा लावलात. माझ्याकडे वळून म्हणालात, "त्या दिवशी फुल पेटला होता ना रे? तू होता ना? म्या डोळ्यानं पाह्यला ना?"

"फुल पेटला होता, भाई."

खोटं बोललो नाही. बघा, किती वर्षं मी या वाक्याचा आधार घेतला.

पोलिसांनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो नाही. "पॉइंट मी बसवला. तपासला भाईनं." एवढंच. तुम्ही शेजारी उभे होतात. मान हलवलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे. चालू करा असं म्याच म्हटलं."

मशीन दुकानात आणून तुम्ही सगळी उकलली. करंटची गळती मोजायचा मेगर लावून लावून पाहिलात. कॉम्प्रेसर चोख, पंखा चोख, कपॅसिटर चोख. कुठेच गळती नाही. टेबलावर त्या मशीनची आतडी पसरून तुम्ही बसला होतात आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारलात, जो मग कधी संपला नाही.

"जमीन खराब झाली, मान्य. तारा उलट्या झाल्या, मान्य. पण पत्र्यावर करंट आला कुठून?"

"वादळाचं पाणी गेलं असन आत," मी म्हटलं. "मंग वाळलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता कळलं. पण तुम्ही म्हणालात, "असन." मी दिलेलं ते एक वाक्य घेऊन तुम्ही अकरा वर्षं जगलात. तुम्ही स्वतःपुरतं असं ठरवलंत की बल्ब पेटला तेव्हा जमीन ओली होती, पुढच्या तीन आठवड्यांत वाळली, आणि मशीन चालू करायच्या घाईत तुम्ही वैशालीबाईंना खड्ड्यात पाणी टाकायला सांगायचं विसरलात. प्लग काढून पुसा असं सांगायचंही विसरलात. "नुसतं बटन म्हटलं रे म्या. प्लग म्हटलं असतं तं?" त्यानंतर जन्मभर तुम्ही भेटेल त्या बाईला, लग्नात, दवाखान्यात, बसस्टँडवर, सांगत सुटलात, "प्लग काढूनच पुसाचं, बाई." लोक हसायचे. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की खड्डा किती फूट खणला होतास. हेच मला कळत नाही, भाई. एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी माझी समजूत घालतो. बहुतेक नसतंच सांगितलं.

गडचिरोलीच्या कोर्टात तारखा चालल्या. शेवटी सुटलात. पण सुटलेल्या मिस्त्रीला घरी कोण बोलावतं? क्वार्टरांतली कामं आधी गेली, मग बँकांची. तुम्ही मला म्हणालात, "तू आपलं वेगळं दुकान टाक. माझ्या नावासंगं बुडू नको." तुम्ही तुमचे गॅसचा दाब मोजायचे गेज मला दिलेत. मी घेतले. तुम्ही फ्रिज आणि रेडिएटर जोडत बसलात, आणि मी तुमच्या शिस्तीच्या मशिनी बसवत फिरलो. हो, शिस्तीच्याच. त्या दिवसानंतर माझा एकही खड्डा सहा फुटांच्या आत नाही. लोक म्हणतात, सुधाकरचं काम म्हणजे डोळे मिटून घ्यावं. मिलची वायरिंगसुद्धा मीच करतो. मनोहररावांचा भरवसा आहे माझ्यावर.

आणि तुम्ही दर उन्हाळ्यात तिथे जायचात. चैत्र लागला की एक दिवस एसटीनं, एकटे. पहिल्या वर्षी मनोहरराव मारायला धावले होते. म्हाताऱ्या मायनं थांबवलं. तुम्ही हापसीवर बादली भरलीत, त्या गोल ओट्यात दोन बादल्या ओतल्यात, आणि परत निघालात. पुढच्या वर्षी कुणी अडवलं नाही. कुणी बोललंही नाही. तीन-चारदा मी त्याच वेळी मिलमध्ये कामावर होतो, शिडीवर. वरून दिसायचं, तुम्ही हळूहळू पाणी सोडताय, माती ते पिते आहे, तुम्ही ओट्यावर हात ठेवून वाट बघताय. खाली साडेतीन फुटांचा पाइप होता आणि त्याखाली दगड. तलाव ओतला असता तरी काही उपयोग नव्हता, आणि ते माहीत असलेला एकटा माणूस शिडीवर उभा राहून पक्कड शोधत असल्याचं सोंग करत होता.

पाच वर्षांमागे मोहर्लीच्या रस्त्यावर आपली मोटारसायकल पंक्चर झाली होती, आठवतं? तेंदूच्या झाडाखाली बसलो होतो. तुम्ही काडीनं मातीत तीन रेघा ओढल्यात, फेज, न्यूट्रल, अर्थ, आणि पुन्हा तेच, "पाणी आत गेलं असतं तं गंजाचा डाग दिसला असता ना कुठी तरी? करंट आला कुठून?" मी तुमच्या हातातली काडी घेतली. खरंच घेतली. दोन रेघांच्या मध्ये एक छोटी रेघ ओढायची होती, बस. टेंपोवाला आला आणि म्हणाला, "पंचर का?" मी काडी टाकून उठलो.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला खाटेवरून उठता येत नव्हतं. भाभी पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. पकड अजून मिस्त्रीचीच होती.

"यंदा मले जमणार नाई. तू जाशील ना पाणी टाकाले?"

"जाईन, भाई."

"दोन बाल्ट्या. सावकाश टाकजो. घाई केली तं वरूनच वाहून जाते."

याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. तुम्ही तर दारच उघडून दिलं होतं. मी तुमच्या अंगावरची चादर नीट केली आणि निघून आलो.

म्हणून परवा भाभींनी डबा पुढे सरकवला तेव्हा मी तो उघडला नाही. तिथेच, चटईवर बसून, त्यांना सगळं सांगितलं. खड्डा, तुकडा, कोंडा. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. निवडता निवडता म्हणाल्या, "रोज नमाज झाल्यावर ते मले विचारत, त्या मिलवाल्या बाईले मीच मारलं का? मी म्हणत होती, नाई हो, नाई. मले बी कुठी पक्कं मालूम होतं?" मग सूप बाजूला ठेवलं. "मले सांगून काय होते, सुधाकर. ज्याईच्या घरी सांगाचं, त्याईच्या घरी जा."

काल गेलो.

आधी दोन बादल्या ओतल्या. सावकाश. तुम्हाला शब्द दिला होता. म्हातारी माय ओसरीत आली. आता नीट दिसत नाही तिला. "कोण? थेच आले का?"

"मी सुधाकर, माय. भाई गेले."

ती खांबाला धरून उभी राहिली. मग आत तोंड करून म्हणाली, "च्या मांडा वो, सुधाकर आला." मनोहरराव मिलमधून आले, खुर्ची दिली, चहा आला. कप हातात असतानाच मी बोलायला लागलो, कारण खाली ठेवला असता तर उठून गेलो असतो. खाली बघून बोललो. सगळं.

मनोहरराव ओरडले नाहीत. मी मनात त्यांचे हात, त्यांची काठी, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. ते त्या गोल ओट्याकडे बघत राहिले. माती अजून ओली होती.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं थो माणूस या दारात आला. म्या त्याले बस नाई म्हटलं. उन्हातान्हाचा येये, पाणी पेतं का म्हणून नाई विचारलं. आपल्या हातानं हापसे, टाके, अन् तसाच तहानलेला वापस जाये."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुले दरवेळी च्या पाजला."

त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा होता. मग म्हणाले, "हे सगळं लिहून दे. सही कर. मी नेतो भाईच्या बायकोकडे. वाचून दाखवतो. अन् मंग पाह्यतो तुझं काय कराचं ते."

हे ते लिहिलेलं, भाई. संध्याकाळी ते येतील. पुढे पोलिसांत जायचं की आणखी कुठे, ते ठरवतील, मी जाईन. मिट्टीला ज्यांनी ते विचारलं त्यांनाही कळावं, की बाई तुमच्या हातानं गेली नाही.

लिहायला बसायच्या आधी आज सकाळी मी तुमचा डबा उघडला. माझ्या घरच्या मशीनच्या पॉइंटला बल्ब लावला. बायकोला बोलावलं, तुमच्यासारखं. बल्ब लख्ख पेटला. ती म्हणाली, "झालं ना मंग?" मी तरी पेचकस घेतला, मेन बंद केलं, आणि बोर्ड उघडून आत पाहिलं.

तुम्ही त्या दिवशी उघडून पाहिलं नाहीत. पॉइंट मी बसवला होता ना.